व्हीआर हेडसेट लावून सिम रेसिंग: आधी बैठक, मग वीज, मग चित्र

सिम रेसिंग म्हणजे पीसीवर खऱ्यासारखी गाडी चालवत शर्यत खेळणं. त्यासाठी डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट विकत घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीकडच्या घरांत व्हीआर रेसिंग फसतं ते वेगळ्याच कारणांनी. ब्रेक दाबला की खुर्ची मागे सरकते, मे महिन्यात लेन्सवर घाम येतो, ऐन शर्यतीत लाईट जाते, नाहीतर ग्राफिक्स इतके वर चढवलेले असतात की दहा मिनिटांत पोटात ढवळायला लागतं. म्हणून कामाचा क्रम ठरवून घ्या: आधी बैठक, मग वीज, मग फ्रेम (म्हणजे सेकंदाला किती चित्रं सुरळीत दिसतात ते). चित्राची श्रीमंती सगळ्यात शेवटी.

पीसी, फोर्स फीडबॅकचं (रस्त्याचे धक्के हातापर्यंत पोहोचवणारं) स्टिअरिंग आणि पेडल तुमच्याकडे आहेत, मॉनिटरवर तुम्ही रेसिंग खेळता आणि आता हेडसेटकडे वळायचंय, असं धरून पुढचं लिहिलंय. अजून मॉनिटरवरही सुरुवात नसेल तर आधी महिनाभर तिथेच खेळा. गिअर, ब्रेक, वळणातली रेषा आणि हेडसेट हे सगळं एकदम शिकायला गेलं की एकही नीट होत नाही.

कोणता हेडसेट

मेटा क्वेस्ट ३ हा सध्या मधला रस्ता. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल मिळतात आणि लेन्स पॅनकेक प्रकारच्या आहेत. रेसिंगमध्ये पिक्सेलपेक्षा या लेन्सचा फायदा जास्त जाणवतो. चित्र जवळपास कडेपर्यंत स्पष्ट राहतं, त्यामुळे डॅशबोर्डवरचा गिअर किंवा डावा आरसा नुसती नजर फिरवून वाचता येतो. क्वेस्ट २ आणि ३एस मध्ये फ्रेस्नेल लेन्स आणि १८३२ × १९२० पिक्सेल आहेत. तिथे मधला भागच धारदार दिसतो, म्हणून आरशात बघायला मान वळवावी लागते. बजेट कमी असेल तर चालतात, फक्त ही मर्यादा माहीत असू द्या.

क्वेस्टला पीसीकडून चित्र दाबलेल्या व्हिडिओच्या रूपात येतं. पिमॅक्स क्रिस्टल लाइटसारखे हेडसेट थेट डिस्प्लेपोर्टवर चालतात, तिथे ही दाबादाबी नाही. पण २८८० × २८८० पिक्सेल प्रत्येक डोळ्याला पुरवायचे म्हणजे ग्राफिक्स कार्डही तसंच दणकट लागतं. सोनीचा पीएसव्हीआर२ ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ॲडॉप्टरमुळे पीसीला जोडता येतो. त्याच्या ओलेड पडद्यावर रात्रीच्या शर्यतीतला काळा रंग खरोखर काळा दिसतो. घरात पीएस५ असेल आणि सेटिंगची कटकट नको असेल तर पीएसव्हीआर२ आणि ग्रॅन टुरिस्मो ७ ही जोडी सगळ्यात बिनघोर.

जुना घेताना एचपी रिव्हर्ब जी२ स्वस्तात दिसला की हात आखडता घ्या. तो विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालायचा, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने तो आधारच काढून टाकला. कोणताही जुना हेडसेट घेताना पांढऱ्या पडद्यावर चालू करून बघा. पिवळट किंवा जांभळट डाग दिसला तर त्यावर ऊन पडलेलं आहे, आणि तो डाग कधीच जात नाही. आधीच्या मालकाचं खातं काढून फॅक्टरी रीसेट तुमच्यासमोर करून घ्या. बाहेरून आणलेला नवा माल असेल तर वॉरंटी इथे लागू आहे का, ते बिलावर लिहून घ्या.

घेतल्या दिवशी एक काम करा. चष्म्याच्या दुकानात जाऊन दोन बाहुल्यांमधलं अंतर, म्हणजे पीडी, मोजून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे. क्वेस्ट ३ वर चाक फिरवून तो आकडा जुळवता येतो. क्वेस्ट २ आणि ३एस वर ५८, ६३ आणि ६८ मिमी अशा तीनच जागा आहेत, त्यातली जवळची घ्या. आकडा चुकला तर चित्र अंधुक दिसतंच, शिवाय डोळे दुखतात आणि दोष मात्र हेडसेटला जातो. चष्मा असेल तर नंबरच्या लेन्स आत बसवून घ्या. चष्मा घालूनच खेळायचं असेल तर स्पेसर लावा, नाहीतर चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला घासून कायमचा ओरखडा पाडते.

बैठक

मॉनिटरसमोर खुर्ची पाच सेंटिमीटर मागे सरकली तर लक्षातही येत नाही. व्हीआरमध्ये मात्र हेडसेट तुमचं डोकं खोलीत कुठे आहे ते मोजत असतो, आणि गाडी जागेवरच असते. खुर्ची पाच सेंटिमीटर सरकली की तुम्ही गाडीतही तेवढेच मागे जाता. चारपाच वळणं जोरात ब्रेक मारून घेतली की डोकं सीटच्या पाठीत घुसलेलं असतं आणि स्टिअरिंग हाताच्या पुढे हवेत तरंगत असतं. चाकांची ऑफिसची खुर्ची म्हणूनच बाद. तीच वापरायची असेल तर चाकं काढा, किंवा खुर्चीचा पाया आणि पेडलची फळी एका पट्ट्याने बांधून टाका. मग पाय पेडलला जितकं ढकलतील तितकंच खुर्चीलाही ओढतील.

खरा उपाय म्हणजे लोखंडी सांगाडा, आणि तो आपल्याकडे सहज होतो. वाळूज किंवा चिकलठाण्याजवळ राहणाऱ्यांना फॅब्रिकेशनवाले शोधावे लागत नाहीत. तालुक्याच्या गावीही ट्रॅक्टर-ट्रॉलीची कामं करणारा वेल्डर असतोच. त्याला हे सांगा:

४० × ४० मिमीचा, २ मिमी जाडीचा एमएस स्क्वेअर पाईप. २० फुटी दोन लांब्या पुरतात. एका लांबीचं वजन साधारण १४ किलो भरतं.
खालचे दोन आडवे पाईप १३०० मिमी, मधलं अंतर ५०० मिमी, त्यांना जोडणारे तीन तुकडे.
स्टिअरिंगच्या पट्टीची उंची जमिनीपासून ६२ ते ६५ सेमी, सीटची पुढची कड २८ ते ३० सेमी. मांडी आणि पट्टी यांच्यात पाच-सहा सेमी मोकळे राहायला हवेत.
स्टिअरिंगच्या दोन्ही खांबांना पुढून तिरका टेकू. हा टेकू राहिला की सगळी मेहनत वाया, कारण ताकदवान स्टिअरिंग खांबच हलवतं.

पेडलची फळी मागेपुढे सरकणारी हवी, कारण घरात एकटे तुम्हीच खेळणार नाही. ४० च्या पाईपमध्ये ३५ चा पाईप बरोबर सरकतो. बाहेरच्या पाईपला भोक पाडून वर नट वेल्ड करून घ्या, म्हणजे ८ मिमीच्या बोल्टने आवळता येतं. वेल्डरला आधी नुसते टाके मारायला सांगा. सगळं उभं केल्यावर गुण्यात आहे का ते गुणियाने बघा, मगच पूर्ण वेल्ड. एका बाजूने सलग वेल्ड मारत गेलं की पाईप खेचला जातो आणि सांगाडा जमिनीवर तीन पायांवर डुगडुगतो. रेड ऑक्साइड लावून रंग द्या, पायाखाली जुन्या ट्यूबचे रबराचे तुकडे चिकटवा. सीट भंगार बाजारात मिळतं. मारुती ८०० चं पुढचं सीट रुंदीला कमी, वजनाला हलकं, आणि त्याची सरकपट्टी आयती असते.

स्टिअरिंगची भोकं कागदावर छापून घेऊन वेल्डरला द्या. तोंडी सांगितलेलं माप आणि पडलेलं भोक यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतोच, आणि मग बोल्ट बसत नाही.

हेडसेट लावल्यावर हातातली बटणं दिसत नाहीत. म्हणून पिट लिमिटर (पिटमधला वेग रोखणारं बटण), पुनःकेंद्रीकरण (बैठक पुन्हा मध्यावर आणणं) आणि आरसा या तीन गोष्टी स्टिअरिंगवरच ठेवा. त्या बटणांवर फॅब्रिक ग्लूचा एकेक थेंब टाकून वाळवा, म्हणजे अंगठ्याला ओळख पटते. पाणी सिपरमध्ये, नेहमी एकाच बाजूला, सांगाड्यालाच अडकवलेलं असू द्या. लोटा किंवा बाटली चाचपडत शोधायला गेलात की ती कीबोर्डवर सांडणार, यात शंका नको.

वीज आणि वायर

लाईट गेली की मॉनिटरवाल्याचा फक्त खेळ जातो. हेडसेटवाला मात्र डोळ्यांसमोर अचानक अंधार झालेला, कानात शांतता आणि हातात ढिलं पडलेलं स्टिअरिंग अशा अवस्थेत बसलेला असतो. तेव्हा झटक्यात उठायचं नाही, कारण केबल पायात असते. आधी दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढा, मग हेडसेट कपाळावर सरकवा. हात काढायचं कारण असं: लॉजिटेक जी२९ किंवा जी९२३ला वीज परत आली की ते स्वतःला जुळवून घेण्यासाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गरागरा फिरतं. बोट स्टिअरिंगच्या आतल्या दांड्यांमध्ये असेल तर सुजतं. डायरेक्ट ड्राइव्ह (थेट मोटारीवर बसवलेलं) स्टिअरिंग असेल तर त्याचं आणीबाणीचं बटण डोळे मिटून सापडेल अशा जागी लावा.

यूपीएस घ्या, पण क्षमता बघून. ६०० व्हीएचा नेहमीचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. आरटीएक्स ३०६० असलेला पीसी खेळताना तीनशेच्या वर सहज जातो, त्यात स्टिअरिंग आणि राउटर आलं की यूपीएस शिट्टी मारून सगळं बंद करतो. ११०० व्हीए, म्हणजे ६६० वॅटच्या आसपासचा घ्या. तो तास चालवणार नाही. शर्यत सोडून नीट बंद करायला पाच-दहा मिनिटं देईल, तेवढंच त्याचं काम. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर तो साइन वेव्हचा हवा आणि यूपीएस मोडवर ठेवलेला हवा. स्क्वेअर वेव्हच्या जुन्या इन्व्हर्टरवर चांगल्या पीसीचे एसएमपीएस (वीज पुरवणारे डबे) गुरगुरतात आणि कधी अचानक बंदही पडतात.

आता अर्थिंग. शर्यतीच्या मध्येच स्टिअरिंग सुटल्यासारखं होतं, यूएसबीचा ‘टुंग’ आवाज येतो आणि परत जोडलं जातं, ही तक्रार आपल्याकडे उन्हाळ्यात वाढते. केबल बदलून, ड्रायव्हर बदलून काही होत नाही, कारण कित्येकदा दोष जमिनीत असतो. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की काळी माती तडकते आणि तारेचा जमिनीशी संबंध राहत नाही. लोखंडी सांगाडा, मोटारीचा विजेचा गोंगाट आणि यूएसबीची नाजूक वायर एकत्र आल्यावर तो दोष तिथे उघडा पडतो. इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटरने बघून घ्या: फेज आणि अर्थमध्ये जवळपास फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज यायला हवं, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टच्या आत. उन्हाळ्यात खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायची जुनी सवय सोडू नका. सोबत विंडोजच्या पॉवर सेटिंगमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा, आणि हेडसेट व स्टिअरिंग एकाच हबवर लावू नका. दोघेही थेट मदरबोर्डच्या मागच्या पोर्टवर.

जोडणी: केबल की वायफाय

केबलने जोडायचं तर यूएसबी ३ ची, तीन ते पाच मीटरची. फोन चार्ज करायची केबल दिसायला तशीच असते, पण तिच्यातून यूएसबी २ चाच वेग येतो. मेटा लिंकच्या (क्वेस्ट पीसीला जोडणाऱ्या) ॲपमध्ये केबलची चाचणी आहे, ती आधी चालवा. पीसीचा पोर्ट हेडसेटला पुरेसं चार्जिंग देत नाही, त्यामुळे केबल लावूनही बॅटरी हळूहळू उतरत जाते. तासाभराच्या वर खेळायचं असेल तर वेगळा चार्जर जोडता येणारी केबल घ्या. नाहीतर डोक्यामागे अडकवायची बॅटरी घ्या. हिचा दुसरा फायदा म्हणजे पुढचं वजन मागे तोललं जातं. मूळच्या कापडी पट्ट्यावर क्वेस्ट ३ चा ५१५ ग्रॅम भार बहुतेक गालांवर येतो.

वायफायवर खेळायचं तर पीसी राउटरला लॅन केबलनेच जोडलेला असावा, हवेतून फक्त हेडसेट. राउटर त्याच खोलीत आणि ५ गिगाहर्ट्झवर. धाब्याच्या जुन्या घराच्या हातभर जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जाईल अशी आशा ठेवू नका. घरातले बाकीचे फोन २.४ वर हलवा, नाहीतर कुणी रील लावली की इकडे वळणाच्या मध्यात चित्र चौकोन-चौकोन होतं.

एक गोंधळ जवळपास सगळ्यांचा होतो. ओपनएक्सआरचा रनटाइम, म्हणजे गेम आणि हेडसेट यांच्यातला दुभाषा, स्टीमव्हीआर ठेवलेला असतो आणि हेडसेट क्वेस्ट असतो. मग गेम आधी स्टीमव्हीआरकडे, तिथून मेटाकडे अशी दोन दारं ओलांडतो आणि फुकटचा भार पडतो. मेटा लिंक वापरत असाल तर त्याच्या ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन मेटालाच सक्रिय रनटाइम करा. आयरेसिंग हा गेम सुरू करताना ओपनएक्सआर निवडा. असेटो कोर्सा या गेममध्ये कंटेंट मॅनेजरच्या (त्याच्या वेगळ्या लाँचरच्या) व्हिडिओ सेटिंगमधला रेंडरिंग मोड बदलावा लागतो. तो विसरला की गेम मॉनिटरवरच उघडतो आणि हेडसेटमध्ये नुसता पडदा दिसतो.

भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून क्वेस्टच्या ट्रॅकिंग सेटिंगमध्ये फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ करून टाका. ट्यूबलाईटखाली चित्र थरथरतं ते बऱ्याचदा यानेच थांबतं. समोरची भिंत नुसती पांढरी असेल तर हेडसेटच्या कॅमेऱ्यांना धरायला काही खूण मिळत नाही. एखादं कॅलेंडर टांगा, दोन चित्रं लावा. खोलीत दिवा हवाच. अंधारात कॅमेरे आंधळे.

फ्रेम: इथे वेळ घाला

क्वेस्ट ३ चे दोन्ही पडदे मिळून साधारण ९१ लाख पिक्सेल होतात. फुल एचडी मॉनिटरवर ते २०.७ लाख, ४के वर ८३ लाख. म्हणजे मॉनिटरवर सगळं ‘अल्ट्रा’वर चालवणारं कार्ड इथे धापा टाकणारच. वर लेन्सचा बाक भरून काढायला पडद्याच्या मापापेक्षा मोठं चित्र काढावं लागतं, ते वेगळंच.

आकडा एकच लक्षात ठेवा, एका फ्रेमला मिळणारा वेळ. ७२ हर्ट्झवर १३.९ मिलिसेकंद, ८० वर १२.५, ९० वर ११.१, १२० वर ८.३. एखादी फ्रेम या वेळेत झाली नाही की सॉफ्टवेअर फ्रेमची संख्या निम्मी करतं आणि मधली फ्रेम अंदाजाने स्वतः रंगवतं. तो अंदाज सरळ रस्त्यावर ठीक असतो. ट्रॅकच्या कडेची जाळी, समोरून झर्रकन जाणारे खांब आणि हातातलं फिरतं स्टिअरिंग इथे मात्र तो फसतो. कडा वितळल्यासारख्या, पाण्यात हलल्यासारख्या दिसतात. मळमळीची सुरुवात बऱ्याच जणांना इथूनच होते. म्हणून ९० वर अडखळण्यापेक्षा ७२ वर एकसारखं चालणं केव्हाही चांगलं.

जुळवायची पद्धत अशी. हेडसेट ७२ हर्ट्झवर ठेवा, रेंडर रेझोल्यूशन ॲपने सुचवलेल्या मूळ आकड्यावर, गेममधलं सगळं ‘लो’वर. आता रिकाम्या ट्रॅकवर चाचणी घेऊन समाधान मानू नका. वीस गाड्यांच्या शर्यतीत शेवटच्या जागेवरून सुरुवात करा, शक्य असेल तर पावसात. सगळ्यात वाईट क्षण तो असतो: पुढे एकोणीस गाड्या, त्यांचे धुराडे, आरशात गर्दी. फ्रेम टाइमचा आलेख चालू ठेवून तिथे ११-१२ मिलिसेकंदांच्या आत राहत असाल तरच एकेक गोष्ट वर न्या. आणि एका वेळी एकच. चार सेटिंग एकदम बदलून अडखळलं तर दोषी कोण ते शोधायला संध्याकाळ जाते.

वर न्यायचा क्रम: आधी एमएसएए ४एक्स (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग), कारण दूरची वळणाची पाटी आणि पुढच्या गाडीचा ब्रेक लाइट त्याने वाचता येतो. मग रेझोल्यूशन थोडं. मग ट्रॅकचा तपशील मध्यम. सावल्या मध्यमवरच सोडा. खालीच राहू द्या: प्रेक्षक, गवत, गाडीवरची प्रतिबिंबं, आणि आरशाचा दर्जा. आरसा म्हणजे ट्रॅक पुन्हा एकदा रंगवणं. मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, कॅमेऱ्याची थरथर हे तिन्ही पूर्ण बंद. डोळे स्वतःच हे काम करतात.

आलेखात ग्राफिक्स कार्ड निवांत आणि तरीही फ्रेम सुटत असेल तर सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, अडकलाय. मग रेझोल्यूशन कमी करून काडीचा फरक पडणार नाही. दिसणाऱ्या गाड्यांची संख्या १०-१२ वर आणा, आरशातल्या गाड्या कमी करा. रायझन ७ ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी हे प्रोसेसर सिम रेसिंगवाल्यांत लाडके आहेत ते ९६ एमबीच्या मोठ्या कॅशमुळे (प्रोसेसरच्या आतल्या मेमरीमुळे), आणि ऑटोमोबिलिस्टा २ किंवा आयरेसिंगमध्ये भरलेल्या ग्रिडवर ते लक्षात येतं.

गेममध्येही डावं-उजवं आहे. ऑटोमोबिलिस्टा २ व्हीआरमध्ये सगळ्यात सुरळीत. मूळ असेटो कोर्सा २०१४ चा असला तरी हलका आहे, आणि त्यात बुद्ध सर्किटचं ५.१२५ किमीचं मॉडही (चाहत्यांनी बनवलेली जोड) टाकता येतं. असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने दिसायला देखणा, आवाज अप्रतिम, पण हेडसेटमध्ये जडशीळ. आरटीएक्स ३०६० वर पहिला व्हीआर गेम म्हणून तो उघडू नका, हिरमोड होतो.

गाडीत नीट बसणं

हेडसेट लावला, गेम उघडला आणि बघतो तर तुम्ही मागच्या सीटवर किंवा छताच्या वर. कारण ठरलेलं: केंद्र पक्कं करताना तुम्ही पुढे वाकून माऊस शोधत होता. गेम त्या वाकलेल्या जागेलाच तुमची बैठक समजतो. पाठ सीटला टेकवा, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर ९ आणि ३ च्या जागी, नजर सरळ, श्वास सोडा आणि मग बटण दाबा. दर शर्यतीआधी हे पुन्हा करा.

यानंतर गेममधली सीट पुढे-मागे, वर-खाली करून आभासी स्टिअरिंग खऱ्या स्टिअरिंगवर आणून ठेवा. डोळ्यांनी दिसणारं स्टिअरिंग आणि हाताला लागणारं स्टिअरिंग यांत दोन बोटांचा फरक राहिला तरी मेंदू कुरकुरतो. क्वेस्टमध्ये हेडसेटवर दोन टिचक्या मारून खोली बघायची सोय चालू करता येते. ती चालू-बंद करत जुळवलं की पाच मिनिटांत बसतं. व्हीआरमध्ये फील्ड ऑफ व्ह्यूचं (पडद्यावर किती अंशांचं दृश्य दाखवायचं त्याचं) गणित करावं लागत नाही. गाडी मुळातच खऱ्या मापाची असते, आणि त्यामुळे वळण किती जवळ आलंय याचा अंदाज मॉनिटरपेक्षा पहिल्या दिवसापासून बरा येतो.

मळमळ

कन्नडच्या औट्रम घाटात एसटीत बस लागते, कारण कानातला तोल सांगतो ‘वळतोय’ आणि समोरच्या सीटच्या पाठीवर खिळलेले डोळे सांगतात ‘स्थिर आहे’. व्हीआरमध्ये नेमकं उलटं: डोळे वळतात, कान म्हणतो बसलोय. भांडण तेच. आणि बस ज्याला लागते तो ड्रायव्हर नसतो, हेही इथे लागू पडतं. पुढचं वळण आपणच घेणार हे मेंदूला ठाऊक असलं की त्रास कमी होतो. म्हणून रीप्ले कधीही हेडसेटमध्ये बघू नका, आणि दुसरा चालवत असताना नुसतं बघायला हेडसेट लावू नका.

पहिला आठवडा दिवसाला दहा-पंधरा मिनिटं. तोंडाला पाणी सुटलं, कपाळ थंड पडलं, जांभया यायला लागल्या की त्याच क्षणी थांबा. ‘एवढा लॅप पूर्ण करतो’ म्हणणारे तासभर आडवे होतात, आणि पुढचे चार दिवस हेडसेटचा वास आला तरी ढवळतं. शरीर सवय लावून घेतं. जबरदस्ती केली तर उलटी सवय लागते.

पहिली गाडी माझदा एमएक्स-५ सारखी हळू. पहिला ट्रॅक सपाट: मोंझा किंवा सिल्व्हरस्टोन. बाथर्स्टमध्ये १७४ मीटरचा चढ-उतार आहे, नूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफेला २०.८ किमीत त्याहून जास्त. तिकडे महिन्याने जा. क्षितिज स्थिर ठेवणारी सेटिंग बऱ्याच गेममध्ये असते, ती चालू करा. गाडी घसरून गोल फिरायला लागली की डोळे घट्ट मिटा, थांबल्यावर उघडा. हा एकच उपाय निम्मा त्रास वाचवतो. समोरून टेबल फॅन चेहऱ्यावर सोडा. वाऱ्यामुळे समोर कुठे आहे ते शरीराला कळत राहतं आणि घामही सुकतो. जेवणानंतर दीड तास तरी थांबा. खिशात आलेपाक असू द्या.

ऊन, घाम, धूळ

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे असताना पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळू नका. हेडसेट स्वतःच तापतो, त्यातली लिथियमची बॅटरी तापलेल्या अवस्थेत चार्ज केली की लवकर मरते. पहाटे पाच ते सात किंवा रात्री दहानंतर, आणि वीस मिनिटांनी विश्रांती. कूलरची हवा तिरकी घ्या. समोरून थेट घेतली तर बारीक तुषार पीसीच्या पंख्यापर्यंत पोहोचतात. कपाळाला सुती दस्ती बांधली की घाम लेन्सपर्यंत उतरत नाही. मूळचं फोमचं पॅड घाम पिऊन आठवड्यात वास मारतं, वर सिलिकॉनचं कव्हर चढवा.

हिवाळ्यात उलटा त्रास. परभणीकडे डिसेंबरच्या पहाटे लेन्स गार असतात, चेहऱ्याची वाफ त्यावर जमते आणि समोर धुकं. हेडसेट दहा मिनिटं आधी चालू करून ठेवा, लेन्स कोमट झाली की धुकं धरत नाही.

लेन्स पुसण्याआधी फुंकणीने धूळ उडवा, मग कोरड्या मायक्रोफायबरने मधून बाहेर गोल पुसा. सॅनिटायझर, कॉलिन, तोंडाची वाफ यातलं काही नको. धुळीसकट पुसलं की ओरखडे पडतात, आणि आपल्याकडची धूळ बारीक असली तरी मऊ नसते.

खेळून झाल्यावर हेडसेट खिडकीत ठेवू नका. लेन्स म्हणजे भिंगच. सकाळच्या तिरक्या उन्हाचा पट्टा आत शिरला तर काही मिनिटांत पडद्यावर कायमचा डाग पडतो. लेन्सवर कापड झाका आणि कपाटात ठेवा. घामाने ओलं झालेलं पॅड काढून तेवढंच कुरडया वाळतात त्या गच्चीवर न्या. हेडसेट मात्र खालीच.